एसी गार करंना? आधी बाहेरच्या डब्याची पाठ बघा

एप्रिल लागला की दुपारी बारा ते चार आमच्या दुकानातला फोन खाली ठेवता येत नाही. लातुरात गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर आमचं एसी, फ्रिज, कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. आमचे हे आणि हाताखालचा पोरगा लोकांच्या गच्च्या पालथ्या घालत असतात, काउंटरवर मी. एकोणीस वर्षं झाली फोन घेऊन. लग्न होऊन आले तेव्हा कॉम्प्रेसर कशाला म्हणतात ते ठाऊक नव्हतं. आता पलीकडचा माणूस चार वाक्यं बोलला की कळतं, पोराला गॅसची टाकी देऊन पाठवायचं की नुसता ब्रश आणि बादली देऊन.

तक्रार ठरलेली असते. "ताई, सकाळी झकास चालतो. अकरा वाजले की गार करंना. दोनला तर बंदच पडायला. अर्ध्या तासानं आपला आपण चालू होतो. गॅस गेला वाटतं."

गॅसचं नाव गिऱ्हाईकच आधी काढतं. मग समोर एखादा लबाड मेकॅनिक असला की त्याला खोटंसुद्धा बोलावं लागत नाही, मान डोलावली की दोन-अडीच हजार सुटले. म्हणून मी फोनवर जे विचारते तेच इथं लिहिते, आणि त्याच क्रमानं. गॅस सगळ्यात शेवटी येईल.

आधी एवढं डोक्यात घ्या, की एसी गारवा तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलून तो बाहेर नेऊन टाकतो. आतल्या युनिटमधून ती उष्णता गॅसमधून बाहेरच्या डब्यात येते, तिथं कॉम्प्रेसर गॅस दाबून आणखी तापवतो, आणि तो तापलेला गॅस जाळीतून फिरताना पंखा त्यावर वारा घालतो. चहा बशीत ओतून फुंकर मारतो ना, तेच. जाळी म्हणजे बशी, पंखा म्हणजे फुंकर. पण चहा निवायचा तर भोवतालची हवा चहापेक्षा गार पाहिजे. बाहेर ४२ डिग्री असेल तर जाळीतला गॅस ५५-६० पर्यंत तापल्याशिवाय पुरेशी उष्णता सोडत नाही. त्यात बशीवर धूळ बसली, फुंकर मंदावली किंवा टाकलेली गरम हवा फिरून परत आली, की दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो, आणि त्याच्या अंगावरचं ओव्हरलोड, म्हणजे जास्त तापलं की करंट तोडणारं बटण, उडतं. ते उडतं म्हणून यंत्र वाचतं. थंड झालं की आपोआप जोडलं जातं. अर्ध्या तासानं चालू होण्याचं गूढ एवढंच आहे.

आणखी एक. दीड टन म्हणून जे डब्यावर लिहिलंय, ते बाहेर ३५ डिग्री असताना मोजलेलं असतं. आमच्याकडं मे महिन्यात ३५ तर सकाळी दहालाच होऊन जातं. म्हणजे दुपारी तुमचा दीड टन दीड टन राहिलेला नसतो. यंत्रात बिघाड नसतानाही थोडं कमी गार होणारच, तेवढं सोसायचं. बंद पडणं मात्र सोसायचं नाही.

फोनवर माझा पहिला प्रश्न असतो, "बाहेरच्या डब्याची पाठ कधी बघितली?"

पाठ, असं मी मुद्दाम म्हणते. लोक पुढून बघतात. पुढं पंख्याची जाळी असते, ती फडक्यानं पुसतात आणि साफ आहे म्हणून सांगतात. डबा हवा घेतो पाठीनं आणि एका कुशीनं, पुढून नुसती टाकतो. धूळ बसते ती पाठीला, भिंतीकडच्या बाजूला, जिथं कुणी वाकून बघत नाही.

मागच्या वर्षी बार्शी रोडच्या एका गुरुजींचा फोन आला. दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरून झाला होता, तरी दुपारी मशीन बसायचं. त्या दिवशी पोरगा आजारी होता म्हणून यांच्याबरोबर मीच गेले. गच्चीवर डबा भिंतीपासून जेमतेम वीतभर लांब. मी मोबाइलचा टॉर्च लावून मागं बघितलं तर जाळी दिसलीच नाही, करड्या रंगाची गोधडी दिसली. नखानं कोपरा उचकटला तशी ती सलग सोलून निघाली, दोन हात लांब. डाळमिलचा भुसा, कापसाचे तंतू, रस्त्यावरची धूळ, आणि हे सगळं पावसात भिजून उन्हात वाळलेलं. लातूर म्हणजे डाळमिलचं गाव, त्यात जानेवारी-फेब्रुवारीत तुरीच्या राशी चालतात. गणपतीत सर्व्हिसिंग केलेला एसी मार्चपर्यंत असा होऊ शकतो. ती गोधडी मी गुरुजींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी केली, वास घेतला आणि म्हणाले, "ह्याच्यात तर कॉम्प्रेसरला थंडीतसुद्धा घाम सुटंल." गॅसला आम्ही हात लावला नाही. पाठ धुतली, स्टँड भिंतीपासून फूटभर पुढं घेतला, एवढंच.

साफसफाई घरच्या घरी करता येते, पण रीत आहे. आधी एमसीबी पाडा. रिमोटनं बंद केलेला एसी बंद नसतो, बाहेरच्या डब्यात करंट असू शकतो. दहा मिनिटं थांबा. मग मऊ ब्रशनं, जुना रंगाचा ब्रश असला तरी चालतो, वरून खाली झाडा. जाळीच्या पातळ पात्या उभ्या असतात, त्यामुळं ब्रशही उभाच चालला पाहिजे. आडवा ओढलात तर पात्या मुडपतात, आणि मुडपलेल्या पातीतून हवा जात नाही. मग वरून खाली साधं पाणी सोडा, बागेच्या नळीनं, धार मोठी न करता. गाड्या धुतात तो प्रेशरचा पंप जवळून मारू नका, पात्या झोपतात. ज्या बाजूला पाइप आणि वायरी जोडलेल्या असतात तिकडं पाणी जाऊ देऊ नका. ॲसिड तर नाहीच. तासभर वाळू द्या, मग चालू करा.

आता पाणी कुठलं, हा आमच्या गावात साधा प्रश्न नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तो उन्हाळा आम्ही याच दुकानात काढला. लोक घागरीसाठी रांगा लावत असताना नळी धरून एसी धुवायचा म्हणजे शेजारच्या गच्चीवरून शिव्या. त्या साली यांनी एक ब्लोअर आणला आणि सगळी कामं कोरडी केली: आधी ब्रश, मग आतून बाहेर हवा. तेव्हापासून माझं मत असं झालं, की चिकट तेलकट मळ नसेल तर पाणी लागतच नाही. आजही मी आधी ब्लोअरच सांगते.

आणि आरओचं फेकायचं पाणी साठवून त्यानं जाळी धुणारे लोक लई झालेत. पाणी वाचवायचं म्हणून करतात, मनापासून करतात, पण त्या पाण्यात बोअरचे सगळे क्षार आणखी दाट झालेले असतात. तापलेल्या ॲल्युमिनियमवर ते वाळलं की पांढरी पुटं चढतात आणि ती मग ब्रशनंही निघत नाहीत. ते पाणी फरशी पुसायला ठेवा. भर दुपारी चालू डब्यावर बोअरच्या पाण्याचा फवारा मारणं हाही तसलाच प्रकार. घटकाभर बरं वाटतं, दोन-तीन उन्हाळ्यांत जाळी पांढरी होते.

दुसरा प्रश्न, डब्याला श्वास घ्यायला जागा आहे का. मागं किमान एक फूट, समोर तीन फूट मोकळं असावं. गंजगोलाईच्या बोळांत दुकानांचे डबे समोरासमोर टांगलेत, एकानं टाकलेली गरम हवा दुसरा ओढतो, आणि दोन्ही दुकानदार मलाच फोन करतात. फ्लॅटच्या डक्टमध्ये एकावर एक चार डबे असले की सगळ्यात वरचा आधी बसतो, कारण खालच्या तिघांची वाफ त्याच्याच नशिबी येते.

यात मी शहाणपण सांगते खरी, पण दिव्याखाली अंधार आमच्याही घरी होता. आमच्या गच्चीवर वानरं येतात. त्यांनी एकदा पाइपवरचं काळं फोम सोलून खाल्लं, तर यांनी चिडून डब्याभोवती पत्र्याची पेटी करून घेतली. वर पत्रा, दोन बाजूंना पत्रा, समोर बारीक जाळीचं दार, त्याला कुलूपसुद्धा. वानरं गेली. आणि पहिल्याच मे महिन्यात आमचा स्वतःचा एसी दुपारी तीनला बसायला लागला. हे आठवडाभर कपॅसिटर तपासतायत, व्होल्टेज मोजतायत. शेवटी मीच म्हटलं, तुम्ही त्याला भट्टीत कोंडलंय, तो काय करेल? पत्रा उचकटला, वर दोन फूट उंचीवर नुसती तट्ट्याची सावली केली, बाजू सगळ्या मोकळ्या. पाइपला जाड टेप गुंडाळला. त्यानंतर बसला नाही. सावली हवीच, पश्चिमेच्या भिंतीवर तर हवीच हवी, पण सावलीनं डब्याला शिवायचं नाही. हिरवी नेट डब्याला घट्ट गुंडाळतात ते तर गोधडी विकत आणून पांघरण्यासारखं झालं.

तिसरा प्रश्न मी फोन चालू ठेवूनच विचारते. "गच्चीवर जा. पंखा फिरायलाय का? आता समोर हात धरा. हवा कशी लागते?"

हवा जोरात आणि चांगली गरम लागत असेल तर बाहेरचं यंत्र आपलं काम करतंय, दोष आत शोधायचा: फिल्टर, खोली, दारं-खिडक्या. हवा मंद आणि भाजल्यासारखी लागत असेल तर जाळी चोंदलीय किंवा पंखा हळू झालाय. हवा जोरात, पण नुसती कोमट असेल तर कॉम्प्रेसर चालत नाही, किंवा मग खरंच गॅस कमी आहे. हाताच्या पंजानं एवढं कळतं. हात जाळीच्या बाहेर ठेवायचा. पंखा अडला म्हणून काडी घालून ढकलणारेही भेटतात. तसं करू नका.

पंखा हळू होण्यामागं बहुतेक वेळा कपॅसिटर असतो. इथं एक भाषेचा घोळ सांगून ठेवते, कारण त्यात पैसे जातात. आमच्याकडं छताच्या पंख्यातल्या कपॅसिटरला सगळे कंडेन्सर म्हणतात. एसीतला खरा कंडेन्सर म्हणजे ती बाहेरची मोठी जाळी. तेव्हा मेकॅनिक "कंडेन्सर गेलाय" म्हणाला तर विचारा, कोणता? एक दोन-तीनशे रुपयांत येतो, दुसरा काही हजारांत. कपॅसिटर कॉम्प्रेसरलाही असतो. परवाच माझ्या काउंटरवर तसला एक आला. अंगावर ५० मायक्रोफॅरड छापलेलं, मीटरला लावला तर ३१. डोकं फुगून बाटलीच्या बुचासारखं झालेलं. असा कपॅसिटर असला की कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतो, घुं करून गुणगुणतो, टक् आवाज येतो आणि बंद. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. हा आवाज फोनवरही ऐकू येतो, म्हणून मी लोकांना मोबाइल डब्याजवळ धरायला लावते. बदलायचं काम मात्र माहीतगाराचं, कारण लाइट बंद असली तरी कपॅसिटर करंट धरून ठेवतो. उघड्या हातानं झटका बसतो.

चौथा प्रश्न व्होल्टेजचा. घरात २३० च्या आसपास पाहिजे. आसपासच्या गावांत शेतातल्या मोटारी चालू झाल्या की काटा १८० च्या खाली येतो. दिवा पिवळट होतो, कळतं. व्होल्टेज कमी झालं की तेच काम करायला कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, आणि जास्त करंट म्हणजे वाइंडिंग तापणं. दीड टनाला ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा, फ्रिजचा जुना लावू नका. नव्या एसीवर स्टॅबिलायझरची गरज नाही म्हणून लिहिलेलं असतं, पण त्याच्याच खाली किती ते किती व्होल्टेज चालेल तेही लिहिलेलं असतं. तेवढी ओळ वाचा. मग प्लग काढून त्याच्या पिना बघा. पिन काळी पडली असेल, प्लास्टिक तपकिरी झालं असेल, तर एसी तापण्याआधी तुमची भिंत तापायलीय. एसीला वेगळी चार एमएमची तांब्याची वायर पाहिजे, वेगळी एमसीबी पाहिजे. गुत्तेदारानं घर बांधताना सगळ्या खोल्यांना एकच वायर फिरवली असेल तर ते आधी निस्तरा.

इन्व्हर्टर एसीवाल्यांना दोन गोष्टी. दुपारी उकाडा वाढला की तुमचा एसी स्वतःच वेग कमी करतो, जिवाला जपतो. त्याला बिघाड समजू नका. आणि बाहेरच्या डब्यातल्या पीसीबीवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कार्डावर, पाली जाऊन बसतात. ऊब मिळते म्हणून शिरतात आणि दोन टोकांना अंग लागलं की पालही जाते आणि कार्डही. आमच्याकडं अशी कार्डं येतात, वर पाल चिकटलेली. वायर आत जाते ती फट रबरानं किंवा पुटीनं बुजवून घ्या, हवेच्या वाटा मात्र बुजवू नका.

आतलं थोडक्यात सांगते. फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धरायचा, सावलीत वाळवायचा. तो चोंदला तर आतल्या जाळीवर बर्फ धरतो, आणि लोकांना वाटतं एवढा बर्फ म्हणजे किती गार. रिमोट १६ वर ठेवल्यानं लवकर गार होत नाही, नुसता कॉम्प्रेसरला विसावा मिळत नाही. जानेवारी २०२० पासून स्टारवाले एसी सुरू होतानाच २४ दाखवतात ते उगीच नाही. २५-२६ आणि वर छताचा पंखा हळू, हे आमच्या घरचं गणित. एसी आणि पाण्याचा कूलर एका खोलीत एकदम लावू नका. कूलर हवेत पाणी भरणार आणि एसीची अर्धी ताकद ते पाणी काढण्यात जाणार. आणि एप्रिलमध्ये पाइपमधून पाणी टपकत नाही म्हणून घाबरून फोन करू नका. आपली हवाच कोरडी, त्यात पाणीच नाही तर येणार कुठून?

खोली वरच्या मजल्यावर असेल तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत आत उष्णता सोडत राहतो. माझ्या सासरचं जुनं घर माळवदाचं, हातभर मातीचं छप्पर. तिथं दुपारी पंख्यावरही झोप लागायची. ते आता परत येणार नाही. पण मार्चमध्ये गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा लावला तर बाहेरच्या डब्यावरचा भार खरंच उतरतो.

एवढं सगळं बघून झालं तरी दुपारी बसतोय, मग गॅस. गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळीत गोल फिरतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भरावा लागणारच. कमी गॅसनंही कॉम्प्रेसर तापतो, कारण आतून परत येणारा गार गॅसच त्याला थंड ठेवत असतो. खूण अशी: बाहेरच्या डब्याला दोन पाइप जोडलेले असतात. जाड पाइप हाताला गार लागला पाहिजे. बारीक पाइपवर पांढरं दहिवर धरलं असेल तर गॅस कमी असण्याचा संशय घ्या. खोलीत भिंतीवरचा थर्मामीटर असेल तर एसी पंधरा मिनिटं चालू द्या, मग वर हवा ओढतो तिथं आणि खाली टाकतो तिथं मोजा. आठ ते बारा डिग्रीचा फरक आला तर गॅसला बोट लावू देऊ नका. (ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही. एका वहिनींनी तो लावून एसीला ताप नाही म्हणून कळवलं होतं.)

मेकॅनिक आला की त्याला तीन गोष्टी करायला लावा. डब्यावरच्या पट्टीत गॅसचं नाव आणि किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. आर ३२ असेल तर आर ३२ च, दुसरा नाही. भरताना काट्यावर मोजून भरायचा, अंदाजानं नाही. पुरण जास्त झालं की पोळी फुटते, तसा जास्त गॅसही दाब वाढवतो आणि दुपारचं बंद पडणं परत मागं लागतं. सगळा गॅस गेला असेल तर भरण्याआधी व्हॅक्यूम करायला, म्हणजे पंपानं नळीतली हवा ओढून काढायला सांगा. आणि आर ३२ पेट घेऊ शकतो, आर २९० तर पटकन घेतो, तेव्हा काम चालू असताना शेजारी विडी-सिगारेट नको. गळती बघायला काडेपेटी तर नकोच नको.

गळती साबणानं बघायची. वाटीत थोडं पाणी आणि भांड्याचा साबण घुसळून घट्ट फेस करायचा आणि पाइप जिथं नटानं जोडलाय तिथं ब्रशनं लावायचा. मग घाई न करता बघत राहायचं. गळती बारीक असली तर लगेच काही दिसत नाही. दोन-तीन मिनिटांनी नटाच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा येतो, फुगतो, आणि त्याच्या शेजारी दुसरा.